काठावरचा मुक्काम

पाण्याच्या काठी जाण्याची आपल्या पूर्वजांची कारणे मोजकी होती. पाणी भरणे, स्नान-संध्या करणे, गुरे पाजणे, नावेने पैलतीर गाठणे आणि सरतेशेवटी आप्तांच्या अस्थी विसर्जित करणे. 'तीर्थ' हा शब्दच मुळी पाण्यात उतरण्याच्या, पाणी ओलांडण्याच्या जागेला उद्देशून आहे. पावित्र्याचा अर्थ त्याला मागाहून जोडला गेला. गेल्या काही वर्षांत या कारणांत आणखी एकाची भर पडली आहे. माणसे आता केवळ राहण्यासाठी काठावर जाऊ लागली आहेत. शनिवारी दुपारी मोटारीने निघावे, पाण्याकडे दार असलेल्या तंबूत रात्र काढावी, शेकोटीभोवती गाणी म्हणावीत, सूर्योदयाची छायाचित्रे काढावीत आणि रविवारी संध्याकाळी घरी परतावे, असा हा नवा आचार आहे. तंबूही साधा नसतो. त्यात पलंग असतो, गादी असते, वातानुकूलन यंत्र असते, मागे जोडून स्नानगृह असते. या प्रकाराला 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. ज्यांना तंबूही नको असतो त्यांच्यासाठी चाकांवरचे घर, म्हणजे कॅरव्हॅन आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. तंबूतला थाट मराठी माणसाला नवा नाही. ज्या होळकरांनी आमचे इंदूर नावारूपाला आणले, त्यांच्या पहिल्या पिढीचे बरेचसे आयुष्य घोड्यावर आणि राहुटीतच गेले. शिवाय शहरात वाढणाऱ्या मुलांना मोकळे आकाश आणि वाहते पाणी दाखवावे, ही आई-वडिलांची इच्छा निर्मळ आहे. विजय नगरसारख्या वसाहतीत, जिथे विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांकावरून पत्ता सांगितला जातो आणि हिरवाईसाठी मेघदूत उपवनाकडे बोट दाखवावे लागते, तिथे ही इच्छा अधिकच समजण्यासारखी आहे. थंडी पडू लागली की शेजारीपाजारी चर्चा सुरू होते. या वर्षी कुठे? हनुवंतिया, सैलानी, गांधीसागर, की जवळच चोरल? मग प्रश्न विचारले जातात. तंबूतून पाणी दिसते का? जेवण शाकाहारी मिळेल का? मुलांना बोटीत बसता येईल का? गाडी ठेवायला जागा आहे का? दर काय?

हे सर्व प्रश्न रास्त आहेत. परंतु या यादीत एक प्रश्न कधीच नसतो: ज्या पाण्याकडे पाहत आपण रात्र काढणार आहोत, ते पाणी तिथे आले कसे? आणि तो प्रश्न विचारणे हे केवळ ज्ञानाचे काम आहे की कर्तव्याचे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे: नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. या म्हणीत शहाणपण आहे. नदीचे मूळ एखाद्या ओलसर कपारीत असते, ऋषीचे कूळ एखाद्या अप्रतिष्ठित घरात असते. दोघांची थोरवी उगमात नसून पुढल्या प्रवाहात असते. पण ही म्हण घडली तेव्हा पाण्याचे साठे बहुतांशी निसर्गाने केलेले होते, किंवा गावाने गावासाठी खोदलेल्या तळ्यांचे होते. आज ज्यांना आपण सर्रास 'तलाव' किंवा 'लेक' म्हणतो, त्यांतले बहुतेक तसे नाहीत. हनुवंतियाचे पाणी इंदिरासागर धरणाचे आहे. सैलानीचे पाणी ओंकारेश्वर धरणाचे आहे. गांधीसागर तर नावानिशीच धरण आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५४ मध्ये पायाभरणी होऊन १९६० मध्ये ते पूर्ण झाले. चोरललाही धरणच आहे. म्हणजे आपण ज्याला काठ म्हणतो तो नदीचा काठ नव्हे. तो कोणाच्या तरी शेताचा, टेकडीचा किंवा गल्लीचा वरचा भाग आहे, जिथे पाणी येऊन थांबले. नदीचे मूळ खुशाल शोधू नये. जलाशयाचे मात्र शोधावे लागते.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला 'पूर्ण जलाशय पातळी' हा शब्दप्रयोग परिचित असतो. धरण काठोकाठ भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर उभे राहील, तो हा आकडा. इंदिरासागरचा आकडा २६२.१३ मीटर आहे. नकाशावर या उंचीची रेषा आखली जाते. रेषेच्या खाली जे येते ते 'बुडीत क्षेत्र'. त्यातल्या घरांची, विहिरींची, झाडांची मोजणी होते, मोबदल्याचे तक्ते तयार होतात. रेषेच्या वर जे राहते त्याला त्या वेळी काहीच नाव नसते. काही वर्षांनी त्याचे नाव 'पर्यटन स्थळ' होते. एकाच रेषेच्या दोन बाजू. खालच्या बाजूला ज्यांचे सर्वस्व गेले ती माणसे, आणि वरच्या बाजूला आपला तंबू. त्या दोहोंमध्ये अंतर असे नाहीच.

इंदिरासागरची पायाभरणी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाली. धरण ९२ मीटर उंच आहे, विद्युत्‌निर्मितीची क्षमता १,००० मेगावॅट आहे, आणि साठवणीच्या दृष्टीने तो देशातील सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक आहे. पाण्याचा पसारा नऊशे चौरस किलोमीटरहून अधिक. त्याखाली पूर्णतः वा अंशतः आलेली गावे जवळपास अडीचशे, आणि त्यांत हरसूद हे एक अख्खे शहर. बाजारपेठ, शाळा, न्यायालय, रेल्वे स्थानक असलेले हे शहर ३० जून २००४ पर्यंत रिकामे करावयाचे होते. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. विटा, दारे, चौकटी, पत्रे ट्रॅक्टरमध्ये भरून ते छनेराच्या माळावर निघाले. आज त्या वस्तीला नवे हरसूद म्हणतात. खंडवा-इटारसी लोहमार्गदेखील वळवावा लागला. हिंदी पत्रकार विजय मनोहर तिवारी यांनी त्या दिवसांची हकीकत 'हरसूद ३० जून' या पुस्तकात लिहिली आहे. ती मुळातून वाचावी. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की जुन्या हरसूदचे अवशेष उघडे पडतात आणि तिथले मूळ रहिवासी आपले अंगण शोधायला जातात.

बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, याच जलाशयाच्या काठी हनुवंतिया येथे पहिला जल महोत्सव भरला. तंबूंची नगरी उभी राहिली, बोटी आल्या, पाण्यावरचे आणि हवेतले खेळ आले. तेव्हापासून आमच्या भागातील कुटुंबांच्या सहलींच्या यादीत ते नाव कायमचे बसले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. धरण हवे की नको, हा या लेखाचा विषय नाही. या पाण्याने वीज दिली, शेते भिजवली. इंदूरकराला तर या वादात न्यायाधीश होण्याचा अधिकारच नाही, कारण तो स्वतः नर्मदेचे पाणी पितो. १९७० च्या जनआंदोलनानंतर नर्मदा इंदुरात आणण्याची योजना मार्गी लागली आणि १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा चढ चढवून, ते पाणी आमच्या नळांपर्यंत येते. नदीचा उपकारकर्ता हात आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे. तेव्हा नदी अडवणाऱ्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ म्हटले, तर तो ढोंगीपणा ठरेल.

पण मग याच मुद्द्यावर एक आक्षेप उभा राहतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी तो मला फार नेमकेपणाने ऐकवला. ते म्हणाले, "साहेब, पाणी प्यायला चालते, वीज वापरायला चालते, मग काठावर एक रात्र झोपायलाच काय हरकत आहे? जे बुडायचे ते बुडाले. माझ्या तंबूने आणखी काय बुडणार?"

आक्षेप वजनदार आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. मला त्याचे उत्तर असे सुचते. गरज आणि आनंद यांची नीती एकच नसते. तहानलेला माणूस पाणी मागतो तेव्हा त्याने त्या पाण्याचा इतिहास विचारावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याची तहान हेच त्याचे समर्थन असते. आनंदाला असे समर्थन नसते. तो आपण निवडतो. वेळ काढून, पैसे मोजून, दहा जागांतून एक जागा पसंत करून निवडतो. जिथे निवड आहे तिथे जबाबदारी आहे. म्हणून पिण्याच्या पाण्यापेक्षा पाहण्याच्या पाण्याबाबत आपला विवेक अधिक जागा असावा, कमी नव्हे.

राहिला दुसरा भाग: आणखी काय बुडणार? उत्तर सोपे आहे. आठवण बुडते. घर गेले, शेत गेले, देऊळ गेले, तरी त्या माणसांपाशी एक गोष्ट उरते, ती म्हणजे 'इथे आमचे गाव होते' हे वाक्य. ते वाक्य खरे राहण्यासाठी ऐकणाऱ्याची गरज असते. काठावर हजारो माणसे येतात, पाणी पाहतात, आणि कोणालाही त्या वाक्याचा गंध नसतो, तेव्हा ते गाव दुसऱ्यांदा बुडते. पहिले बुडणे शासनाच्या निर्णयाने झाले. दुसरे आपल्या निष्काळजीपणाने होते.

हे कसे घडते ते पाहायचे तर महाराष्ट्राकडे वळावे. तिथे या गोष्टीला आपल्याहून अधिक वर्षे लोटली आहेत. १९२१ मध्ये मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. मावळ्यांच्या त्या लढ्यानेच पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केले. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली. आज मुळशीचे नाव घेतल्यावर पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे पावसाळी सहल आणि जलाशयाकाठची विश्रामगृहे येतात. शंभर वर्षांत सत्याग्रहाचे रूपांतर निसर्गसौंदर्यात झाले. पवना जलाशयाची गोष्ट याहून ताजी आहे. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या किल्ल्यांच्या वेढ्यात वसलेल्या त्या पाण्याकाठी आता तंबूंच्या रांगा लागतात. त्याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. ज्या रस्त्यावर हे घडले, त्याच रस्त्याने तंबूत राहायला जाणाऱ्या मोटारी जातात. जाऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण आत बसलेल्यांना हे ठाऊक असावे, इतके म्हणण्याचा अधिकार कोणालाही आहे.

आता दुसरा आक्षेप. तो असा की, काठावर पर्यटक आले म्हणून तर तिथल्या लोकांना चार पैसे मिळतात. विस्थापितांच्या मुलांना बोट चालवण्याचे, स्वयंपाकाचे, वाढप्याचे काम मिळते. संवेदनशीलतेच्या नावाखाली आपण जाणे थांबवले तर नुकसान त्यांचेच होईल. हा आक्षेप मला पहिल्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि बहिष्काराचा मार्ग मी सुचवीत नाही तो त्यामुळेच. घरी बसून हळहळणारा माणूस कोणाच्याच उपयोगी पडत नाही. परंतु या युक्तिवादाचा पडताळा घेता येतो, आणि तो घ्यावा. पैसे तिथे मिळतात हे खरे असेल, तर कोणाला मिळतात, हे विचारायला काय हरकत आहे? तंबूचा मालक कोण? जागा कोणाची? भाजी, दूध, मासळी कुठून येते? पवनाकाठी काही तंबू स्थानिक शेतकरी कुटुंबे स्वतः चालवतात. घरचे जेवण वाढतात. तिथे दिलेला रुपया कदाचित त्याच घरात जातो, ज्या घराचे जुने शेत समोर पाण्याखाली आहे. दुसरीकडे तंबू महानगरातल्या कंपनीचे, स्वयंपाकी बाहेरचा, आणि स्थानिक माणूस फक्त फाटकावर उभा. दोन्ही ठिकाणी पाणी तेच दिसते, सूर्योदय तोच असतो. फरक आहे तो आपण काय विचारले, यात.

निवडीचा आणखी एक पैलू आहे, आणि तो थेट जिवाशी निगडित आहे. काठाची जागा निवडणे म्हणजे कोणावर तरी विश्वास टाकणे. वाहत्या नदीच्या काठी, आणि विशेषतः धरणाच्या खालच्या अंगाला, पाणी किती येईल हे त्या दिवशीचे आभाळ पाहून कळत नाही. ते वरच्या नियंत्रण कक्षातल्या निर्णयावर अवलंबून असते. देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी धाराजी येथे भूतडी अमावास्येची मोठी जत्रा भरत असे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री यात्रेकरू काठावर मुक्कामाला होते. वर इंदिरासागरमधून पाणी सोडले गेले आणि खाली झोपलेल्या माणसांना त्याची कल्पना नव्हती. साठांहून अधिक जीव गेले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीवर लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या खडकांवर छायाचित्रे काढीत होते. यात्रेकरूंपाशी श्रद्धा होती, विद्यार्थ्यांपाशी तारुण्य होते. दोन्ही गोष्टी पाण्याला थोपवू शकल्या नाहीत.

म्हणून कुटुंब घेऊन जाणाऱ्या माणसाने वरच्या बाजूला धरण आहे का, पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो का, तो इथपर्यंत ऐकू येतो का, पुराची जुनी खूण कुठे आहे आणि तंबू तिच्या वर आहे की खाली, हे विचारलेच पाहिजे. हे प्रश्न भित्रेपणाचे नाहीत. मुलांना झोपवून आपण निश्चिंत होतो तेव्हा त्यांच्या वतीने आपण नदीशी एक करार करीत असतो. त्याच्या अटी वाचणे आपले काम आहे. गावातला म्हातारा नावाडी पाण्याच्या अगदी लगत घर बांधत नाही. त्याला पाण्याचे प्रेम कमी असते म्हणून नव्हे.

तिसरा पैलू आपण मागे काय ठेवतो, हा. इंदूर २०१७ मध्ये देशातले पहिल्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले, आणि ओला-सुका कचरा वेगळा करणे इथल्या घराघरांत अंगवळणी पडले. पण ही सवय शहराच्या हद्दीपर्यंतच टिकते की पुढेही, याची परीक्षा काठावर होते. तंबूच्या मागे जोडलेल्या स्नानगृहाचे सांडपाणी कुठे जाते? कॅरव्हॅनच्या पोटातली टाकी कुठे रिकामी होते? युरोपातल्या कॅरव्हॅन तळांवर ती रिकामी करण्याची ठराविक जागा असते. आपल्याकडे अशी सोय असेलच असे गृहीत धरता येत नाही. जनित्राचा आवाज आणि रात्रभरचे दिवे कोणाची झोप मोडतात? इंदूरजवळच्या यशवंतसागरला सिरपूर तलावासोबतच २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे सारस पक्षी येतात. काठ त्यांचाही आहे, आणि त्यांना दर विचारण्याची सोय नाही.

याबाबत कायदे आहेत, पण ते अपुरे आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांनी अशा जागांच्या काठापासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करण्यास मनाई केली. मात्र नदीचे पात्र आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. ऋषिकेशच्या वरच्या बाजूला गंगेच्या वाळूवर पडणाऱ्या छावण्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले. २०२३ मध्ये त्याच लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावात आणि नर्मदेत डिझेलवर चालणाऱ्या क्रूझ व मोटारबोटींना प्रतिबंध केला. असे आदेश येतात, त्यांवर अपिले होतात, पळवाटा निघतात. नियमांच्या अंमलबजावणीत आयुष्य घालवल्यावर माझी एक समजूत पक्की झाली आहे: नियम किमान मर्यादा सांगतो, आणि माणूस तिलाच कमाल मानून चालतो. कायदा जिथे गप्प असतो तिथून सभ्यतेचे काम सुरू होते.

मग काठावर राहण्याची सभ्य रीत कोणती? तिचा नमुना शोधायला फार लांब जावे लागत नाही. नर्मदेच्या परिक्रमावासीयांनी ती शतकानुशतके पाळली आहे. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे, ती ओलांडायची नाही, सदावर्तात मिळेल ते शिजवून खायचे, गाव देईल त्या ओसरीवर पाठ टेकायची आणि सकाळी पुढे निघायचे. मराठी वाचकांना गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून ही वाट ओळखीची आहे. परिक्रमावासी काठाचा मालक नसतो, आणि गिऱ्हाईकही नसतो. तो पाहुणा असतो. पाहुण्याला घरात मान असतो, पण घर त्याचे नसते, आणि यजमानाच्या घरात नुकतेच काही दुःख घडले असेल तर ते त्याला ठाऊक असावे लागते. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरपासून काशीपर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली, ती याच भावनेतून. धर्मशाळेत उतरणाऱ्याने पैसे दिले नाहीत तरी चालत असे. पण आपण कोणाच्या तरी उपकारावर झोपलो आहोत, याचे भान त्याला असे. आज आपण पैसे देतो आणि त्या भानापासून सुटका झाली असे समजतो. वास्तविक पैशाने तंबूचे भाडे फिटते. काठाचे ऋण फिटत नाही.

काठावरच्या आणखी एका मराठी मुक्कामाचा उल्लेख इथे करावासा वाटतो. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून बडवानीजवळ नर्मदाकाठी कसरावद येथे येऊन राहिले आणि जवळपास दहा वर्षे तिथेच राहिले. त्यांच्या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो. पण पाण्याकाठी राहणे म्हणजे त्या काठावरच्या माणसांच्या सुखदुःखात वाटेकरी होणे, हा अर्थ त्यांनी जगून दाखवला. आपल्यासारख्या संसारी माणसांकडून दहा वर्षांची अपेक्षा कोणी करीत नाही. प्रश्न एका रात्रीचा आहे. त्या एका रात्रीत निदान विचारपूस तरी व्हावी.

तेव्हा 'साहेब, मग जाऊच नये का?' या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: जावे, अवश्य जावे, पण जागा निवडताना दराच्या आणि सोयींच्या प्रश्नांबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. हे पाणी कशाचे आहे, आणि त्याखाली कोणते गाव आहे? माझे पैसे इथल्या माणसाच्या हातात पडतात का? पाणी चढले तर मला कोण आणि कसे सांगणार? आणि मी निघून गेल्यावर माझे सांडपाणी, माझा कचरा कुठे असेल? ज्या ठिकाणचा व्यवस्थापक या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे देतो, तिथला तंबू जरा कमी झुळझुळीत असला तरी तो निवडावा. जो ऐकून हसतो, त्याचा तंबू कितीही आलिशान असला तरी सोडावा. गिऱ्हाइकाच्या प्रश्नांनी बाजार बदलतो. वातानुकूलन यंत्रे तंबूत शिरली तीही आपण विचारले म्हणूनच.

आणि शासनाकडे एक लहानशी मागणी करावी. तिला कोट्यवधींचा निधी लागणार नाही. जलाशयाकाठच्या प्रत्येक पर्यटन केंद्रावर, बोटीच्या धक्क्यापाशी, सर्वांना दिसेल असा एक फलक असावा. त्यावर पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे असावीत, हरसूदसह सगळी. नावांशिवाय दुसरे काही लिहू नये. टीका नको, गौरव नको. बोटीची वाट पाहत रांगेत उभी असलेली मुले ती नावे वाचतील आणि आपल्या आई-बापाला विचारतील, ही कोणाची नावे? त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे एवढी तयारी करूनच आपण घरातून निघावे.